रेडिओचा कान

माझ्या मामांचा आवाज एवढा मोठा आहे, की ते मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायचे तेव्हा स्वारगेटला बसचे ड्रायव्हर ब्रेक दाबायचे. हे मी सांगितलं की लोक म्हणतात, काहीतरीच. ठीक आहे, स्वारगेट सोडून देऊ. पण मामांनी गुलटेकडीत 'बोला!' म्हटल्यावर सिंहगडावरच्या भजीवाल्यानं 'किती प्लेट?' असं विचारलं होतं, हे मी खुद्द त्या भजीवाल्याच्या तोंडून ऐकलंय. आणि तो माणूस खोटं बोलणारा नाही. त्याच्या भज्यांत कांदा कमी असतो, ती गोष्ट वेगळी.

मामा आता निवृत्त आहेत आणि धायरीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे मी राहतो, कारण पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीत घेतलेला माझा फ्लॅट मला येत्या दिवाळीत मिळणार आहे. दिवाळ्या येतात, जातात, फ्लॅट येतोच आहे. बिल्डरचा माणूस दर वेळी इतक्या मायेनं 'येत्या दिवाळीत, सर' म्हणतो, की हल्ली मीच त्याला फराळ पाठवतो. तोपर्यंत मामांच्या हॉलमधल्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून मी परदेशातल्या एका कंपनीची कामं करतो. मीटिंग चालू असताना मामा शिंकले, की तिकडची माणसं टेबलाखाली जातात.

अशा घरात मामी काय बोलणार? मामी बोलायची, नाही असं नाही. पण तिचं वाक्य पूर्ण झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कर्ता यायचा, कर्म यायचं, क्रियापद यायच्या आत मामा आलेले असायचे. 'आज मी बाजारातून...' एवढं मामीनं म्हणावं, आणि मामांनी बाजार, तिथला भाव, आडत, हमाल, पाऊसमान आणि दिल्लीतलं सरकार असा सगळा प्रदेश फिरून यावं. मामीनं बाजारातून काय आणलं ते आम्हाला ताटात कळायचं.

ह्या घरात मामांच्या बरोबरीनं बोलायची परवानगी फक्त एका वस्तूला होती. ती म्हणजे रेडिओ. जुना, खोक्यासारखा, पुढे एक मोठं गोल बटण असलेला. सगळं मोबाइलवर ऐकता येतं हे मामांना मान्य होतं, पण त्यांचं म्हणणं, मोबाइलला कान नाही. रेडिओचं ते बटण म्हणजे त्याचा कान. जो बोलणारा आवडला नाही त्याचा कान पिळायचा, की तो गप्प. आयुष्यभर व्यापाऱ्यांची बडबड ऐकलेल्या माणसाला ह्याहून मोठं सुख काय असणार!

आणि ऐकायचं ते पुण्यातलं एकच छोटं केंद्र. त्याच्यावर गाणी लागत नाहीत, नुसतं बोलतात. दुसऱ्या कुठल्या गावात असलं केंद्र आठवड्यात बंद पडलं असतं. आपल्याकडे बोलण्याचा तुटवडा कधी नव्हताच, फक्त ऐकणारे मिळायची मारामार. ती कसर मामांनी एकट्यानं भरून काढली होती. रविवारी तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाटक, विनोद आणि कला, एवढाच कार्यक्रम. मामा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून रेडिओसमोर बसायचे. जणू तिकडून कोणी बघतंय.

त्या रविवारी मी सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर मामी कणीक मळता मळता थांबली, दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "आज चहाच्या वेळेला माझं नाटक आहे."

"कुठे?" मी विचारलं.

"ह्यांच्या रेडिओवर."

माझं पाणी प्यायचं राहून गेलं. हकीकत अशी, की आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणते. बाई त्या केंद्रावर लहान मुलांना गोष्टी सांगतात. एकदा त्यांनी सोबत म्हणून मामीला नेलं. मामीनं तिथे प्यायला पाणी मागितलं, आणि ते मागणं ऐकून तिथल्या दिग्दर्शिकेनं तिला श्रुतिकेत, म्हणजे रेडिओवरच्या नाटकात, थेट नायिकेचं काम दिलं. पाणी मागून नायिका झालेली माझी मामी ही भारतातली पहिली बाई असावी. निदान पुण्यातली तरी. इथे पाणी मागितलं तर टँकरवाल्याचा नंबर मिळतो.

"पण तू तर गुडघ्याच्या व्यायामाला जात होतीस," मी म्हणालो.

"तालमीला जात होते. गुडघे चांगले आहेत माझे."

"लंगडत होतीस की!"

"ते घरातून निघताना. एकदा डावा, एकदा उजवा. ह्यांच्या कधी लक्षात आलं का?"

मामांनी उलट तिला सांगितलं होतं, 'एवढा व्यायाम करतेस तर येताना दळण घेऊन ये.' आणि ती लंगडत जाऊन दळण घेऊन आली होती. माझ्या मते दिग्दर्शिकेनं पाणी ऐकण्याऐवजी हे बघायला हवं होतं.

आता खरी गोष्ट. केंद्राला मामी इतकी पसंत पडली होती, की त्यांनी तिला एका मोठ्या मालिकेत विचारलं होतं. दर आठवड्याला एक भाग. हो की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत फोन करून सांगायचं होतं.

"मग सांगून टाक हो," मी म्हणालो.

"असं कसं? मला येतं की नाही ते आधी कळू दे. बाई चांगलंच म्हणतात, त्या पहिलीतल्या पोरालाही चांगलंच म्हणायच्या. तूही चांगलंच म्हणशील, तुला इथे राहायचंय."

हे जरा लागलं, पण खोटं नव्हतं.

"ह्यांना माहीत नाहीये. माहीत नसताना त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, तर मी हो म्हणणार," मामी म्हणाली. "आणि त्यांनी मध्येच कान पिळला, तर नाही म्हणणार. परत त्या वाटेला जायचं नाही. तू मध्ये पडायचं नाहीस. खोकायचंसुद्धा नाही."

एवढी लांब, क्रियापदांसकट पूर्ण झालेली वाक्यं मामीच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. तोंडावर पीठ उडालेल्या अवस्थेतसुद्धा ती नायिका दिसत होती, हे मी इथे राहायचंय म्हणून म्हणत नाही.

बाहेर मामांची सकाळ सुरू झाली होती, आणि लक्षण चांगलं नव्हतं. पहिला कार्यक्रम चित्रकलेचा होता. एक अभ्यासक एका चित्रातला निळा रंग समजावून सांगत होते. हा निळा म्हणजे आकाशाचा निळा नव्हे, पाण्याचाही नव्हे, तो आतला निळा आहे, वगैरे.

"चित्र रेडिओवर दाखवतायत!" मामा मला म्हणाले. "उद्या टीव्हीवर अत्तर विकतील." आणि पिळला कान.

पण मामांची गंमत अशी, की एखाद्याला गप्प केलं की तो नंतर काय बोलला असेल ह्याची त्यांना हुरहूर लागते. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा रेडिओ लावला. "संपला का त्याचा निळा?" संपला नव्हता. पुन्हा कान.

मग नाटकाच्या प्रकाशयोजनेत आयुष्य घालवलेल्या एका गृहस्थांची मुलाखत लागली. ते सबंध वेळ नटांना नावं ठेवत होते. मामांनी ती मान डोलवत ऐकली. "हा अभ्यासू माणूस आहे," असं प्रमाणपत्रही दिलं. मी आत जाऊन मामीला सांगितलं, आज ते एक कार्यक्रम पूर्ण ऐकू शकतात. ती म्हणाली, "माझ्या नाटकात मी कोणाला नावं ठेवत नाही." आणि पोळी जरा जास्तच जोरात उलटली.

त्यानंतर विनोद. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं एकामागून एक येऊन विनोद सांगत होती आणि समोरचे प्रेक्षक खिदळत होते. मामा दगडासारखे बसले होते.

"ह्या लोकांना हसायला पगार देत असतील," ते म्हणाले. "बिचारे प्रामाणिकपणे काम करतायत."

तेवढ्यात एका पोरीनं बुकिंग केलेल्या फ्लॅटचा विनोद सुरू केला. ताबा मिळेपर्यंत तिचे आजोबा गेले, वडील निवृत्त झाले, आणि आता बिल्डर तिच्या होणाऱ्या मुलाचा फॉर्म भरून घेतोय, असलं काहीतरी. मामा असे हसले, की भिंतीवरचं घड्याळ पुढे गेलं असावं. आवाज वाढवला, मला नीट ऐकू यावं म्हणून. "ऐक, ऐक! तुझ्याच ओळखीची दिसते!" त्या पोरीचं बोलणं संपेस्तोवर मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. मामीसाठी तेवढं सोसलं. मन प्रसन्न असलेला परीक्षक बरा.

जेवायला बसलो तर ताटात पोळी, आमटी, भात आणि साधी भाजी.

"रविवार ना आज?" मामांनी विचारलं. "श्रीखंड काय संपावर गेलंय?"

"जड होतं," मामी म्हणाली. "झोप..."

"झोप येते म्हणूनच तर खातात!" मामांनी वाक्य पुरं केलं आणि श्रीखंड, चक्का, म्हशी आणि सोलापूर रस्त्यावरच्या डेअऱ्या ह्यांच्याकडे निघून गेले. मी मामीकडे बघितलं. तिनं नजर चुकवली. श्रीखंड खाऊन मामा पडले, की दिवेलागणीआधी त्यांना उठवायला क्रेन लागते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आमटी-भातावर ते वेळेवर उठले. चहा झाला. कप घेऊन रेडिओसमोर बसले. मामी हातातलं ताट उगाच पुसत आत गेली, ती बाहेर आलीच नाही. मी माझा कप घेऊन खुर्चीवर असा बसलो होतो, जणू माझाच निकाल आहे.

श्रुतिका सुरू झाली. एक म्हातारा आणि एक म्हातारी सकाळपासून भांडतायत, आणि भांडण कशावरून सुरू झालं ते दोघंही विसरलेत, एवढीच गोष्ट. आधी म्हातारा बोलला. चिरका आवाज होता. मामांचा हात बटणाकडे गेला. मग ती बोलली.

मला माहीत असूनही कळेना, की ही मामी आहे. एका पाठोपाठ एक वाक्यं येत होती, सावकाश, प्रत्येकाच्या शेवटी क्रियापद, आणि त्याच्यापुढे थोडी जागा, ऐकणाऱ्यानं विचार करावा म्हणून ठेवलेली. मामांचा हात बटणावर पोहोचला, आणि त्यांनी आवाज वाढवला.

"ही बाई हळू बोलते जरा," ते म्हणाले.

मी नुसती मान हलवली. खोकायची बंदी होती.

थोड्या वेळानं मामांनी कप खाली ठेवला. "ही बाई नाटकातली वाटत नाही रे. बाकीचे सगळे ओरडतात. ही बघ कशी शांतपणे नवऱ्याला समजावतेय." मग आतल्या दाराकडे एक नजर टाकून, मामांच्या मते हळू आवाजात, म्हणजे वडगावच्या पुलापर्यंत जाईल एवढ्याच, म्हणाले, "नशीब लागतं अशी बायको मिळायला."

माझ्या नाकातून चहा आला. ही अतिशयोक्ती नाही, शर्ट अजून आहे.

पण मला त्यात नवलही वाटलं नाही. संसार इतक्या वर्षांचा असला, तरी मामीची पूर्ण वाक्यं त्यांच्या कानावर पडलीच कधी होती? ती बाई त्यांना परकी वाटणारच.

नाटक रंगात आलं. म्हातारा रुसून बसलाय, म्हातारी आतल्या खोलीत काहीतरी शोधतेय, आणि तिथूनच ती ओरडते:

"अहो! दूध! दूध बघा, दूध!"

आता हे सांगायला हवं, की मामांना घरात काम एकच आहे. दूध तापत असताना त्याच्याकडे लक्ष ठेवणं. बाकी चहाची साखरसुद्धा ते ढवळत नाहीत, पण दुधाची हाक आली की झोपेतून, न्हाणीघरातून, एकदा तर आलेल्या पाहुण्याच्या पाया पडत असताना, ते धावत गेलेले मी पाहिलेत. ही हाक मात्र त्यांना हजारांतून ओळखू येते. तिला क्रियापद लागत नाही.

"आलो, आलो!" म्हणून मामा ताडकन उठले. आणि उठताना, खोलीतून बाहेर पडताना पंखा, दिवा, रेडिओ बंद करायची जी त्यांची जन्माची सवय, तिला जागून त्यांनी तिन्ही बंद केले. हात गेला, कान पिळला, खट्.

"मामा!" मी ओरडलो.

"दूध!" म्हणत ते आत गेले सुद्धा. मी मागे धावलो.

ओट्यावर दूध नव्हतं. गॅसही बंद होता. मामी मागच्या ड्राय बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या त्या चिंचोळ्या जागेत, सगळ्या मजल्यांमधून खाली जाणाऱ्या डक्टच्या जाळीला कान लावून उभी होती. समोर बसायचा धीर नव्हता, म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंचा रेडिओ ती तिथून ऐकत होती. हॉलमधला आवाज थांबल्याचं तिला कळलं होतं. तिचा चेहरा बघवेना.

"बंद केलात?" तिनं विचारलं.

"तू हाक मारलीस ना! दूध कुठाय?"

"मी नाही मारली."

"मारलीस की! मी काय बहिरा आहे? अहो, दूध बघा, असं..."

आणि त्याच क्षणी, मामीचे ओठ घट्ट मिटलेले असताना, मामीचा आवाज डक्टमधून आला. "तुम्हाला एक काम सांगितलं होतं. एक! तेही रुसून बसायच्या नादात गेलं उतू."

मामांनी मामीच्या तोंडाकडे बघितलं. मग जाळीकडे. मग पुन्हा तोंडाकडे. ते उघडून आतून कोणी बोलतंय का, हे तपासायलासुद्धा त्यांनी कमी केलं नसतं. मी मार्केट यार्डातल्या माणसांना विचारून आलोय; मामा निःशब्द झाल्याची तिथे एकही नोंद नाही.

"ही तू?" शेवटी ते म्हणाले.

मामीनं मान हलवली.

"गप्प बस मग, ऐकू दे," मामा म्हणाले, आणि बादली बाजूला सारून त्यांनी डोकं जाळीला लावलं.

तिथेच, ओल्या टॉवेलांच्या मधोमध उभं राहून त्यांनी उरलेलं नाटक ऐकलं. म्हातारा-म्हातारीचं भांडण मिटलं, निवेदकानं नावं वाचली. मामीचं पूर्ण नाव डक्टमधून वर आलं.

"आडनाव तर आपलंच लावलंय," मामा पुटपुटले. मामांचं पुटपुटणं खाली पोहोचलं. "मग काय शेजाऱ्यांचं लावायचं?" बाईंचा खालून आवाज आला.

मामी मात्र पदराला हात पुसून फोन शोधायला लागली. "ठरलं होतं ते ठरलं होतं. त्यांना नाही म्हणून कळवते."

"अगं, काय बोलतेस!" मी म्हणालो.

"कान पिळला ना त्यांनी? मग?"

"काय ठरलं होतं?" मामांनी विचारलं.

मामीनं सांगितलं. मालिका, शर्त, सगळं. सांगताना ती एकदाही अडखळली नाही, आणि मामांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. तिचं शेवटचं क्रियापद येऊन बसल्यावरही ते थोडं थांबले, आणखी काही येतंय का बघायला.

"मी तुझं नाटक बंद केलेलं नाही," ते म्हणाले. "मी तुझ्या हाकेला उठलो."

"नाटकातल्या हाकेला."

"हाक ती हाक! बरोबर वाटली म्हणून तर उठलो. सकाळपासून एवढे लोक बोलले, कोणासाठी मी खुर्ची सोडली का? त्या निळ्यासाठी सोडली?"

मामीला हसू आलं, पण ती बधली नाही. "म्हणजे मला येतं?"

"येतं," मामा म्हणाले. मग चेहरा जरा पडला. "पण तो चिरक्या आवाजाचा कोण?"

"कोण?"

"ज्याला तू अहो म्हणत होतीस. दोन-तीनदा म्हणालीस."

"बँकेतले आहेत. निवृत्त. त्यांना नातवंडं आहेत."

"असतील. पण दूध उतू गेलं तरी हलला नाही तो. असल्या माणसाला अहो कशाला म्हणायचं?"

"लिहिलेलं होतं तसं!"

"मग बदलून घ्यायचं. अरे म्हण. काका म्हण."

बाईंनी खालून फोन करा, फोन करा, असा धोशा लावला. मामीनं फोन लावला. दिग्दर्शिका काय म्हणत होती ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, फक्त मामीचा चेहरा दिसत होता, आणि तो आधी खुलला आणि मग गोंधळला. तिनं फोनवर तळहात ठेवला.

"अहो, मालिकेत नवरा गेलेल्या बाईचं काम आहे. घरच्यांना चालेल ना, असं विचारतायत."

मी मामांकडे बघितलं. कोणाही नवऱ्यानं घाबरून जावं असा प्रश्न. मामा गंभीरपणे विचार करत होते.

"कधी जातो तो?" त्यांनी विचारलं. "मध्येच कधीतरी?"

"सुरुवातीच्या आधीच गेलाय."

"आठवणीत वगैरे बोलायला येत नाही ना?"

मामीनं फोनवर विचारलं. "नाही म्हणतायत."

"म्हणजे अख्ख्या मालिकेत अहो म्हणायला कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"मग हो म्हण," मामा म्हणाले.